एका पानाचा आल्वारा

जुन्या पोर्तुगीज दस्तांची भाषांतरं करणं हा माझा पणजीतला धंदा. गिऱ्हाईक बहुतेक जमिनीवालं. सत्तरीहून, धारबांदोड्याहून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आल्वारा, म्हणजे सरकारी परवाना, घेऊन येतात आणि विचारतात, यात आमचं काय लिहिलंय ते सांगा. त्यामुळे एका दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला, "काका, एक आल्वारा आहे, १५७१ चा, एकच पान," तेव्हा मी पानाचा दर सांगितला आणि दोन दिवसांत देतो म्हणालो. तीन आठवडे लागले.

पान होतं लुईश द कामोंइशच्या 'लुझियादस' या महाकाव्याचं. काव्य १५७२ मध्ये लिस्बनला छापलं गेलं, आणि त्याच्या सुरुवातीलाच राजा सेबास्तियांवचा परवाना छापलेला आहे: हे पुस्तक दुसऱ्या कुणी छापायचं नाही. लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ते स्कॅन करून ठेवलंय, म्हणून घरबसल्या वाचता आलं. कामोंइश १५५३ मध्ये गोव्यात आला होता, त्यामुळे संपादिकेचा मथळा आधीच तयार होता: 'गोव्यात राहिलेल्या कवीचा कॉपीराइट'.

पहिला आठवडा अक्षरांतच गेला. विसाव्या शतकातले दस्त वाचणाऱ्याला सोळाव्यातला छापा म्हणजे मोडी वाचणाऱ्यापुढे एकदम दुसरं वळण यावं तसं. लांब एस एफसारखा दिसतो. यू आणि व्ही एकमेकांच्या जागी बसतात. एम आणि एन तर मधूनच गायब, त्यांच्या बदल्यात आधीच्या अक्षरावर एक लाट. ती लाट म्हणजे आपला अनुस्वारच, हे लक्षात आल्यावर गाडी जरा पुढे सरकली. यू-व्हीच्या गोंधळात मी एक चूकही केली. काव्याचा विषय सांगताना परवान्यात राजा मानुएलचा उल्लेख येतो, त्याचं नातं मी 'आजोबा' असं लिहून मोकळा झालो. मग वंशावळ काढली. मानुएलचा मुलगा जुआंव तिसरा, त्याचा नातू सेबास्तियांव, म्हणजे मानुएल पणजोबा. शब्द पुन्हा पाहिला तर पणजोबाच लिहिलं होतं. हा आल्वारा काढताना राजा स्वतः सतरा वर्षांचा होता.

दुसरा आठवडा एका वाक्यानं खाल्ला. मजकूर सुरू होतो तो असा: 'मी राजा, हा आल्वारा जे पाहतील त्यांस कळवतो की मला योग्य वाटते व माझी मर्जी आहे...' आणि मग पूर्णविराम यायचं नावच नाही. त्या एका वाक्यात सगळं येतं. छपाई संपेल त्या दिवसापासून दहा वर्षं कामोंइशच्या परवानगीशिवाय हे पुस्तक राजाच्या मुलखात कुणी छापायचं नाही, विकायचं नाही, बाहेरून आणायचं नाही आणि हिंदुस्थानात विकायला न्यायचंही नाही. हे शेवटचं कलम मी तीनदा वाचलं. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, आणि १५६३ मध्ये इथे छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरच्या ग्रंथात कामोंइशचं एक काव्य आलेलं होतं. म्हणजे इकडे पुस्तक खपू शकतं हे लिस्बनला चांगलं ठाऊक होतं.

मोडणाऱ्याला दंड ५० क्रुझादो. शिवाय प्रती जप्त: अर्ध्या कामोंइशला, अर्ध्या चुगली करणाऱ्याला. क्रुझादोचे ४०० रेइस धरले तर दंड होतो २०,००० रेइस. याच राजानं १५७२ मध्ये कामोंइशला जे वर्षासन लावून दिलं ते १५,००० रेइसचं होतं. कवीच्या वर्षभराच्या मोलापेक्षा त्याचं पुस्तक चोरण्याचा दंड जास्त, हे गणित मांडून मी उगाच खूश झालो.

पण संरक्षण फुकट नव्हतं. किंमत राजवाड्यातले न्यायाधिकारी ठरवणार आणि ती पहिल्या पानावर छापायची. आणि छपाईआधी पुस्तक इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मपीठाच्या, मेजावरून जाणार. तपासणाऱ्या फ्राय बार्तोलोमेउ फेरैराचा अभिप्रायही परवान्यापाठोपाठ छापलाय: धर्माविरुद्ध काही आढळलं नाही, मात्र काव्यात जे देव येतात ती निव्वळ कवीची कल्पना, कारण विधर्मीयांचे सगळे देव म्हणजे सैतानच. गोव्यात बसून हे वाचताना कसं वाटलं ते लिहीत नाही.

खरी अडचण एका शब्दाची. 'लिसेंसा', परवानगी. त्या पानात तो चार वेळा येतो. राजा कवीला देतो ती लिसेंसा, कवीनं दुसऱ्याला द्यायची ती लिसेंसा आणि धर्मपीठ पुस्तकाला देतं तीही लिसेंसा. मराठीत मी आधी वेगवेगळे शब्द घातले: अनुज्ञा, संमती, मंजुरी. वाचायला छान लागत होतं, पण मग सगळीकडे 'परवानगी' केलं. कारण मुद्दाच तो आहे. 'हक्क' हा शब्द त्या पानात कुठेच नाही. मी संपादिकेला म्हटलं, कॉपीराइट शब्द मथळ्यातून काढा. छापण्याचा अधिकार लेखकाचा, हे कायद्यात यायला इंग्लंडात १७१० साल उजाडलं, आणि तिथेही मुदत १४ वर्षांचीच, लेखक हयात असला तर आणखी १४. इथे आहे ती राजाची मर्जी.

ती म्हणाली, पण काका, मर्जी कवीच्या नावावर आहे ना, छापखानेवाल्याच्या नाही? हे खरं होतं. व्हेनिसनं १४६९ मध्ये दिलेला पाच वर्षांचा एकाधिकार मुद्रकाला होता, स्पायरच्या योहानला. तो पुढच्याच वर्षी वारला आणि एकाधिकारही त्याच्याबरोबर गेला. इथे मुद्रक आंतोनियो गोन्साल्व्हिशचं परवान्यात नावसुद्धा नाही. बाईंचा मुद्दा मी मान्य केला, शब्द नाही.

शेवटच्या कलमात राजा म्हणतो, वर्षाहून जास्त टिकणारी गोष्ट 'कार्ता'नं द्यावी, आल्वाऱ्यानं दिली तर ती रद्दबातल, असा आमचा नियम असला तरी हा आल्वारा चालेल. कार्ता म्हणजे सनद, आल्वारा म्हणजे परवाना, असं मी करून टाकलं. आल्वारा हा शब्द मुळात अरबी, आणि आपल्या दप्तरांतली 'वरात', म्हणजे पैसे देण्याची चिठ्ठी, त्याच अरबी मुळातून फारसीमार्गे आलेली. ही तळटीप मी हौसेनं जोडली, अंकात तिला जागा मिळाली नाही.

मजकूर पाठवला आणि मुद्रितं तपासणाऱ्यानं विचारलं, कोणत्या छपाईवरून केलंत? पोटात गोळा आला. १५७२ हेच साल घातलेल्या दोन छपाया आहेत, त्यांच्या मुखपृष्ठावरचे पेलिकन परस्परविरुद्ध दिशांना पाहतात. एक नक्कल असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. आणि नकलेतही नक्कल न करण्याचा तोच परवाना! काव्याची सातवी ओळ जिच्यात 'ए एंत्रे' अशी सुरू होते ती छपाई मूळ मानतात, नुसतं 'एंत्रे' असलेली दुसरी. स्कॅन उघडून सातव्या ओळीवर गेलो. 'ए' होता.

कामोंइश १५८० मध्ये गेला. दहा वर्षं सरली, आणि १५८४ मध्ये मानुएल द लिरानं काढलेल्या आवृत्तीत इन्क्विझिशनच्या हातून कित्येक ओळी कापल्या, बदलल्या गेल्या. हे सगळं मी संपादिकेला लिहून पाठवलं. मथळा शेवटी 'राजाचा परवाना' झाला. बिल ठरल्याप्रमाणे एका पानाचं केलं.