नवी गाडी ऑइल खाते तेव्हा : साताऱ्यातला माझा अनुभव

नव्या टर्बो पेट्रोल गाडीचे इंजिन प्रमाणाबाहेर ऑइल खात आहे हे कंपनीला मान्य करायला लावून वॉरंटीत अर्धे इंजिन बदलून घेण्यास मला जवळजवळ सबंध पावसाळा लागला. हा अनुभव मी सविस्तर लिहीत आहे, कारण या दोषात गाडी बंद पडत नाही, आवाज करत नाही, मायलेजही कमी देत नाही. त्यामुळे मालकाची तक्रार म्हणजे उगाच घेतलेली शंका असे समजले जाते आणि ती खरी ठरवण्याचा सारा भार मालकावरच येऊन पडतो.

माझी नोकरी कराडला असल्याने साताऱ्याहून महामार्गाने रोजचे जाणे-येणे असते, म्हणजे गाडी बरीचशी एकाच वेगाने चालते. इंजिनमध्ये चार लिटर ऑइल मावते आणि डिपस्टिकवरच्या, म्हणजे ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरच्या, खालच्या व वरच्या खुणांमधले अंतर साधारण एक लिटरचे आहे. शोरूममधून आणताना पातळी वरच्या खुणेला होती. पाच हजार किलोमीटर होण्याआधीच ती खालच्या खुणेला टेकली. गॅरेजच्या फरशीवर पुठ्ठा अंथरून पाहिला, त्यावर थेंब नव्हता. ऑइल फिल्टर, चेंबर आणि ड्रेन बोल्ट कोरडे होते. रेडिएटरच्या पाण्याच्या डब्यात तवंग नव्हता. ऑइल बाहेर सांडत नसेल आणि पाण्यात मिसळत नसेल, तर ते जळतच असले पाहिजे, एवढे स्पष्ट झाले.

मग निळा धूर का दिसत नव्हता? सर्व्हिस सेंटरमध्येही मला हाच प्रश्न विचारून परत पाठवण्यात आले होते. हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल जळत असेल, तरी दर किलोमीटरला ते एक मिलिलिटरसुद्धा होत नाही, आणि त्यातलाही काही भाग सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून जातो. इतका थोडा धूर डोळ्यांना दिसणे अवघड असते. केळघर घाटासारखा लांब उतार खालच्या गिअरमध्ये उतरून आल्यावर मात्र परिस्थिती बदलते. उतारावर थ्रॉटल (इंजिनमध्ये हवा सोडणारी झडप) बंद असतो, सिलिंडरमध्ये निर्वात पोकळी वाढते, पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने ऑइल वर ओढले जाते आणि सपाटीला लागून ॲक्सिलरेटर दाबताच ते एकदम जळते. मेढ्याच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या माझ्या भावाने असा धूर मोबाईलवर टिपला. पुढे तो व्हिडिओ फार उपयोगी पडला.

डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल दिव्याविषयीही सांगणे आवश्यक वाटते. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलची पातळी सांगत नाही. ऑइलचा दाब सांगतो. पातळी इतकी उतरली की पंपाच्या तोंडात हवा शिरू लागते, तेव्हा तो लागतो, आणि तोवर बेअरिंग व टर्बो यांना धोका पोहोचलेला असू शकतो. पातळी पाहायची असेल तर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पुसून पाहणे, एवढाच खात्रीचा मार्ग आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांत याच्या उलट प्रकारही होतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीत पातळी वाढत होती, कारण धुराचा फिल्टर साफ होण्यासाठी जास्तीचे डिझेल सोडले जाते आणि गाडी शहरातच थोडी थोडी फिरत राहिली, की त्यातले काही ऑइलमध्ये उतरते. डिझेल गाडीत पातळी नुसती टिकून आहे, म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

सर्व्हिस ॲडव्हायझरचे पहिले उत्तर होते, “साहेब, नवीन गाडी आहे, थोडं ऑइल खाणारच.” हे सर्वस्वी खोटे नव्हते. नव्या सिलिंडरच्या भिंतीवर हॉनिंगच्या, म्हणजे मुद्दाम घासून उमटवलेल्या, बारीक तिरक्या रेषा असतात. त्यांत ऑइल धरले जाते आणि रिंगा भिंतीशी घासून जुळेपर्यंत खप थोडा जास्त राहतो. शिवाय मायलेज वाढावे म्हणून अलीकडच्या इंजिनांत रिंगांचा ताण कमी ठेवतात आणि ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशी पातळ ऑइले वापरतात. परंतु रिंगा जुळत जातात तसा खप उतरत गेला पाहिजे. माझ्या नोंदींत तो उतरत नव्हता, आणि त्या नोंदी मी तारीख, किलोमीटर, डिपस्टिकचा फोटो व वरून घातलेले मिलिलिटर अशा क्रमाने वहीत ठेवत होतो. टॉप-अपसाठी कंपनीच्याच ग्रेडचे ऑइल पावती घेऊन आणत होतो. “थोडं जाड ऑइल टाकून बघू” हा सल्ला मी नाकारला, कारण पुस्तिकेबाहेरचे ऑइल वापरल्यावर वॉरंटी नाकारण्यास सबब मिळते आणि मूळ दोषही काही काळ झाकला जातो.

दुसरे उत्तर पुस्तिकेतून आले. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप सामान्य मानला आहे. काही कंपन्या तर एक लिटरपर्यंत सामान्य म्हणतात. या आकड्यापुढे ग्राहक गप्प बसतो, पण तो आकडा तपासून पाहण्यासारखा आहे. ऑइल बदलण्याचा अवधी दहा हजार किलोमीटर. हजाराला अर्धा लिटर, म्हणजे दहा हजाराला पाच लिटर, आणि इंजिनमध्ये मावते चार! याचा अर्थ, कंपनीच्या दृष्टीने “सामान्य” असलेली गाडी मालकाने मध्ये ऑइल न घालता चालवली, तर पुढच्या सर्व्हिसच्या आत इंजिन कोरडे पडेल. ही मर्यादा मालकाच्या हितासाठी ठरवलेली नसून वॉरंटीचे दावे आवरण्यासाठी ठरवलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हेच गणित मी कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवलेल्या ईमेलमध्ये मांडले. जॉबकार्डवर “जनरल चेकअप” लिहू न देता “ऑइलचा खप जास्त असल्याची तक्रार” असे शब्द लिहून घेण्याचा आग्रह मी धरला, कारण वॉरंटीच्या मुदतीत तक्रार केल्याचा पुरावा तोच असतो.

ईमेलनंतर कंपनीने खपाची रीतसर चाचणी मंजूर केली. गरम इंजिनमधून जुने ऑइल पूर्ण निथळू दिले, नवा फिल्टर कोरडा असतानाच तोलला, ३.४० किलो, म्हणजे सुमारे चार लिटर ऑइल वजन करून भरले आणि डिपस्टिक, भरण्याचे झाकण व ड्रेन बोल्ट यांना सील केले. हजार किलोमीटरनंतर सील उघडून ऑइल तितकाच वेळ निथळू दिले व फिल्टर पुन्हा तोलला. फिल्टरमध्ये मुरलेले धरून एकूण २.८२ किलो ऑइल परत मिळाले. फरक ५८० ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ ६८० मिलिलिटर. दोन्ही वेळी वजनकाट्याचा आकडा मी स्वतः पाहिला, त्याचा फोटो घेतला आणि जॉबकार्डवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. डिपस्टिकवरून काढलेल्या अंदाजावर वाद घालता येतो, वजनावर घालता येत नाही.

खप मर्यादेबाहेर ठरल्यावर गाडी कोल्हापूरच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेली. टर्बोमागचा, हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप जवळजवळ कोरडा निघाला, त्यामुळे टर्बोच्या सीलमधून ऑइल जात असल्याची शंका मिटली. इंजिनमधली वाफ परत घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही ठीक होता. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये धरला जाणारा दाब, सर्व सिलिंडरांत सारखे आले, तेव्हा तिथल्या एकाने “मग रिंगा चांगल्याच आहेत” असे म्हटले. फोरमन मात्र जाणता होता. दाब धरण्याचे काम पिस्टनच्या वरच्या दोन रिंगा करतात. भिंतीवरचे ऑइल खरवडून खाली पाठवण्याचे काम तिसरी, ऑइल रिंग करते. तिच्यात दोष असला तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकते. स्पार्क प्लग काढल्यावर एका सिलिंडरचा प्लग ओलसर, काळ्या थराने माखलेला निघाला आणि बाकीचे कोरडे. इंजिन खोलल्यावर कारण समोर आले. ऑइल रिंग दोन पातळ कड्या आणि त्यांच्यामधली स्प्रिंगसारखी पट्टी अशा तीन भागांची असते. त्या पट्टीची दोन टोके समोरासमोर टेकायला हवीत. त्या पिस्टनवर ती एकमेकांवर चढलेली होती, त्यामुळे कड्या भिंतीवर हव्या तशा दाबल्याच जात नव्हत्या. ही कारखान्यातल्या जोडणीतली चूक होती. माझ्या चालवण्याशी किंवा पेट्रोलशी तिचा काही संबंध नव्हता. फोरमनने स्वतःहून मला बोलावून ते दाखवले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

कंपनीचा पहिला प्रस्ताव फक्त रिंगा बदलण्याचा होता. त्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे उमटले होते आणि हॉनिंगच्या रेषा जागोजागी पुसल्या गेल्या होत्या. अशा भिंतीवर नव्या रिंगा नीट जुळतील याची हमी कोणी देईना. म्हणून मी पिस्टनसहित कारखान्यात जोडलेल्या सिलिंडर ब्लॉकची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिनची मागणी लेखी केली. त्यासोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी वकील देणे बंधनकारक नाही, तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि वस्तूतला दोष ठरवण्यासाठी आयोग ती प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. हे सर्व माझ्या पत्रात होते. आयोगाकडे जाण्याची वेळ आली नाही. ओरखड्यांचे फोटो वरच्या कार्यालयात पोहोचल्यावर हाफ इंजिन मंजूर झाले.

गाडी ताब्यात आल्यावरही कागदपत्रांचे काम उरते. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असल्याने तो बदलतो. कंपनीचे पत्र व बिल जोडून साताऱ्याच्या आरटीओत अर्ज केला, नोंदणी पुस्तकात नवा नंबर आल्यावर विमा पॉलिसीतही दुरुस्ती करून घेतली. हे राहिले असते, तर अपघाताच्या दाव्यात किंवा गाडी विकताना अडचण आली असती. बदललेल्या भागाची वॉरंटी सहसा मूळ वॉरंटीच्या उरलेल्या मुदतीपुरतीच असते. ती वाढवून मिळावी म्हणून मी पत्र दिले होते आणि ब्लॉकपुरते एक वर्ष वाढवल्याचे लेखी उत्तर आले आहे. जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून तोही बदलून मागितला होता. कंपनीने उत्सर्जनाची चाचणी करून तो सुस्थितीत असल्याचा अहवाल दिला. तो अहवाल मी फाइलला लावून ठेवला आहे. नव्या ब्लॉकचे पहिले पाच हजार किलोमीटर पूर्ण झाले, त्यात वरून घालावे लागलेले ऑइल दीडशे मिलिलिटर आहे.