खोडलेलं कलम

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं जीएसटी रिटर्न आमच्या सीए ऑफिसकडे आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा नोटीस घेऊन आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, सगळं तुमच्याकडंच असतंय की. मग हे आधी कळलं कसं नाही?"

नोटीस 2022-23 च्या इनपुट क्रेडिटची (खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीची) होती. सूत ज्या व्यापाऱ्याकडून घेतलं त्याने एका महिन्याचा जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरण) भरला, त्यामुळे बिलं आमच्या 2बी मध्ये (खरेदीदाराला पोर्टलवर दिसणाऱ्या यादीत) व्यवस्थित दिसली. पण त्याच महिन्याचा 3बी (प्रत्यक्ष कर भरण्याचं रिटर्न) त्याने भरलाच नाही, म्हणजे अण्णांकडून घेतलेला कर सरकारकडे गेला नाही. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही, पण अशा वेळी नियम 37अ लागतो. विक्रेत्याचा 3बी आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 सप्टेंबरपर्यंत आला नाही, तर खरेदीदाराने 30 नोव्हेंबरपर्यंत ते क्रेडिट परत करायचं. नाही केलं तर वर 18 टक्के व्याज. अण्णांनी बिलाचे पैसे करासकट बँकेतून दिलेले आहेत, तरीही. प्रामाणिक खरेदीदाराला असं दोनदा भरायला लावणं मला अन्यायाचं वाटतं आणि ते मी अधिकाऱ्यांसमोरही बोलतो.

मी कपाटातून एंगेजमेंट लेटर, म्हणजे कामाच्या अटींचं पत्र, काढलं. ऑडिटला एसए 210 या ऑडिटच्या मानकामुळे असं पत्र घ्यावंच लागतं. नुसत्या रिटर्नच्या कामाला तशी सक्ती नाही, म्हणून आमच्यातले बरेच जण घेत नाहीत. फी तोंडी, काम तोंडी, आणि नोटीस आली की भांडणही तोंडी. मला हे पटत नाही. आमचं पत्र दोन पानांचं, मराठीत असतं. कोणती रिटर्नं आम्ही भरणार, बिलं कोणत्या तारखेपर्यंत आमच्याकडे यायची, रंगणावळीला पाठवलेल्या मालाची चलनं कोणी ठेवायची, नोटिशीला उत्तर देण्याची फी वेगळी, हे सगळं त्यात असतं. साखर पेठेतल्या छोट्या कारखानदारालाही वकील न गाठता ते वाचता यावं, म्हणून त्यातल्या प्रत्येक वाक्यावर मी मेहनत घेतली आहे.

त्यातलं सहावं कलम असं: विक्रेत्यांनी 3बी भरला की नाही हे दर तिमाहीला तपासून यादी देऊ, त्याची फी स्वतंत्र. अण्णांच्या पत्रावर ते कलम आडवं खोडलेलं होतं, शेजारी त्यांची सही आणि तारीख. तेव्हा ते म्हणाले होते, "त्या माणसाकडनं माझ्या वडिलांच्या काळापासून सूत घेतोय. त्याची तपासणी करायला पैसे कशाला?"

मुलाने सही ओळखली. आवाज खाली आला. मग त्याने विचारलं, "अण्णांनी खोडलं तेव्हा तुम्ही काय बोलला?"

मी बोललो होतो. व्यापारी कितीही जुना असला तरी त्याची अडचण तुमच्या गळ्यात येईल, हे स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. पण मुलाला दाखवायला माझ्याकडे फक्त खोडलेली ओळ होती, त्यावरचं बोलणं नव्हतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, मला अजून कळलेलं नाही. पत्रामुळे जबाबदारी कोणाची हे पाच मिनिटांत ठरलं. मुलाच्या मनात बापाबद्दल जे आलं असेल, त्याला त्या पत्रात जागा नव्हती.

सध्या आम्ही त्या व्यापाऱ्याच्या मागे आहोत. त्याने तो जुना 3बी भरला तर परत केलेलं क्रेडिट पुन्हा घेता येतं. पण रिटर्नच्या मुदतीला तीन वर्षं उलटली की पोर्टल ते स्वीकारत नाही. म्हणून अण्णा स्वतः त्याच्या दुकानी जाऊन बसतात. व्यापाऱ्याबद्दल वाईट शब्द मात्र अजूनही ऐकून घेत नाहीत.

नव्या पत्रांत मी एक रकाना वाढवला आहे: कलम नको असेल तर कारण क्लायंटने स्वतःच्या हाताने लिहायचं, आणि त्याखाली आम्ही दिलेला सल्ला. अण्णांच्या मुलाने सहाव्या कलमासकट सही केली. फीवर घासाघीस केलीच. ती मी थोडी कमी केली, तपासणी मात्र तिमाहीऐवजी दर महिन्याला ठेवली.