शेरूची नसबंदी करण्याआधी ठेवलेली वही

शेरू ३ वर्षांचा, २४ किलोचा, लॅब्रॅडॉर आणि गावठीचं मिश्रण. भाद्रपद लागला आणि त्याच्या तक्रारी एकदम वाढल्या. फाटक किलकिलं दिसलं की पळायचा, कूलरच्या पायावर मुतायचा, पाहुण्यांच्या पायाला चढायचा, फाटकाशी आणि जेवणाच्या भांड्याशी गुरगुरायचा. आमच्या मनीषनगरात ज्याला विचारावं तो म्हणे, "ऑपरेशन करून टाका, शांत होईल." हे अर्धंच खरं आहे.

म्हणून आधी तीन आठवडे वही ठेवली. प्रत्येक वेळी लिहायचं: वाजले किती, समोर कोण, किती फुटांवर, शेपूट आणि कान कसे, त्याच्या आधी काय घडलं. वहीतून दोन वेगळी दुखणी निघाली. पळणं, चढणं आणि उभ्या वस्तूंवर थोडंथोडं मुतणं यांचा संबंध गल्लीत माजावर आलेल्या कुत्रीशी लागत होता. ही कामं टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे अंडकोषात बनणाऱ्या नर हार्मोनची, आणि नसबंदीचा उपयोग बहुतेक इथेच होतो. (एका जागी भरपूर मुतत असेल तर आधी लघवी तपासून घ्या, तो संसर्ग असू शकतो.) फाटकावरची गुरगुर मात्र शेपूट पोटाखाली आणि कान मागे, अशी होती. ती भीती. अंडकोष काढून भीती जात नाही, काही कुत्र्यांत उलट वाढते. कुत्रा फक्त भीतीने चावत असेल तर मी ऑपरेशनची घाई करणार नाही.

डोक्याला हात लावला की दात दाखवायचा, त्याचं कारण तपासणीत सापडलं: उजव्या कानात बुरशी. औषधाने कान बरा झाला आणि ते दात दाखवणंही थांबलं. दुखणं तपासल्याशिवाय स्वभावाला दोष देऊ नये.

तरीही ठरत नसेल तर डॉक्टरांना डेस्लोरेलिनच्या इम्प्लांटबद्दल (कातडीखाली बसवायचं, हे हार्मोन दाबणारं औषध) विचारा. ४.७ मिलिग्रॅमचं इम्प्लांट साधारण सहा महिने नसबंदीसारखाच परिणाम देतं, म्हणजे कायमचं काही करण्याआधी अंदाज येतो. सुरुवातीचे काही आठवडे हार्मोन उलट वाढतं, त्यामुळे त्या दिवसांवरून मत बनवू नका. मोठ्या जातींत वयही बघावं लागतं. जर्मन शेफर्डसारख्या कुत्र्याची वाढ पुरी होण्याआधी नसबंदी केली तर सांध्यांचे त्रास वाढतात. पोटात राहिलेला अंडकोष ही गोष्ट वेगळी. त्यात गाठ होण्याचा धोका असतो, तो काढावाच.

आम्ही करायचं ठरवलं, पण दिवाळीनंतर. फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा टाके घेऊन सोफ्याखाली घुसला तर जखम उसवते. नवतपातही (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) नको, कारण कूलरखालच्या ओल्या फरशीवर कुत्रा पोट टेकून पडतो. पावसाळ्यात माश्या, आणि जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही.

आधी रक्त तपासलं: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, यकृत, मूत्रपिंड. आपल्याकडे गोचीडतापाने प्लेटलेट खाली गेलेल्या असतात आणि कुत्रा वरून धडधाकट दिसतो. अशा वेळी सुरी लावली तर रक्त थांबत नाही. रात्री १० नंतर अन्न बंद केलं, पाणी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपर्यंत.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर खरी परीक्षा गळ्यातल्या कोनची, म्हणजे जखम चाटू नये म्हणून घालायच्या कर्ण्याची. त्याची कड नाकाच्या टोकापुढे दोन बोटं तरी हवी. आमचा आखूड निघाला, चौथ्या दिवशी त्याने जखम चाटली आणि एक टाका सैल झाला. थोडी सूज ठीक, पण अंडकोषाची पिशवी गडद होऊन फुगत गेली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आत रक्त साचत असतं. १४ दिवस पट्ट्यावरच फिरवणं, उडी नाही, आंघोळ नाही. वेदनेचं औषध डॉक्टरांनी दिलेलंच, घरातली आयबुप्रोफेन कुत्र्याला विष आहे. आणि नंतरचे सहा आठवडे त्याला माजावरच्या कुत्रीपासून लांब ठेवा, नळीत उरलेल्या शुक्रजंतूंनी गर्भ राहू शकतो.

दोन महिन्यांत पळणं जवळपास थांबलं, चढणं कमी झालं. जुन्या जागांवरचं मुतणं एंझाइमच्या क्लीनरने वास गेल्यावरच सुटलं, फिनाइल तो वास नुसता झाकतं. फाटकावरची गुरगुर मात्र होती तशीच. तिथे हिरवी जाळी लावली आणि २० फुटांवरून माणूस दिसला की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायला लागलो. तो तुकडा खातोय तोवरच अंतर थोडं कमी करायचं, खाणं सोडलं की मागे सरायचं. जेवताना भांडं ओढून घेणं बंद केलं. आता जवळून जाताना त्यात आणखी चांगला तुकडा टाकतो, त्यामुळे आमची पावलं ऐकली की तो मान वर करतो, गुरगुरत नाही.

नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च कमी होतो, म्हणून कोरडं खाणं ३०० वरून २४० ग्रॅमवर आणलं. दर पंधरा दिवसांनी वजन करतो आणि बरगड्यांवरून हात फिरवतो. त्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत.