आमची वाटचाल : रॅम्पपासून मुलाखतीच्या खोलीपर्यंत

अपंगत्व किंवा वेगळ्या गरजा असलेल्यांना इमारती आणि कामाच्या जागा सहज वापरता याव्यात, हे आमचं काम. त्याची सुरुवात रॅम्पच्या कामांनी झाली, कारण मागणी तेवढीच होती. पायऱ्यांशेजारी उतार बांधला की जागा सुगम्य झाली, हा समज तेव्हाही होता आणि आजही भेटतो. १:१२ चा उतार (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) म्हणजे ४५० मिमी उंच जोत्यासाठी ५.४ मीटर लांबी, शिवाय वर आणि खाली १५०० मिमी सपाट जागा. एवढी लांबी नकाशावर दिसली की "जरा जास्त चढ चालेल" असं सुचवलं जातं. १:८ चा रॅम्प दिसायला फार वेगळा नसतो. पण हातांनी चाकं ढकलणारा माणूस त्यावर मागे कलंडू शकतो आणि उतरताना चाकं आवरत नाहीत. तसा रॅम्प आम्ही बांधत नाही. जागा कमी असेल तर उताराला वळण देतो, तेही बसत नसेल तर प्लॅटफॉर्म लिफ्ट (व्हीलचेअरसकट माणसाला वर उचलणारा छोटा मंच) सुचवतो.

रॅम्प उत्तम जमला तरी माणूस दारात अडतो. म्हणून आमचं काम वस्तूंवरून वाटेवर आलं: फाटकापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून स्वच्छतागृहापर्यंत आणि परत बाहेर. तपासणीचा अहवाल आम्ही याच क्रमाने लिहितो. ९०० मिमीची फळी असलेलं दार ९०० मिमी मोकळं होत नाही. दार ९० अंशांत उघडून फळीपासून समोरच्या चौकटीच्या खाचेपर्यंत मोजा. ८५० मिमीच्या आसपास उरतात. दार आपल्याकडे ओढायचं असेल तर कडीच्या बाजूला किमान ४५० मिमी मोकळी भिंत हवी, नाहीतर उघडणारं दार थेट पायांवर येतं. नेमकी तिथेच कुंडी किंवा कचरापेटी ठेवलेली असते.

सर्वांत जास्त चुका स्वच्छतागृहात सापडतात. कमोडच्या एका बाजूला ९०० मिमी जागा मोकळी लागते, कारण व्हीलचेअर तिथे लावून माणूस सरकत कमोडवर जातो. ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायचा दांडा, नुसत्या जिप्सम बोर्डवर ठोकला तर पूर्ण वजन पडताच उपटून येतो. बोर्डची भिंत असेल तर मागे जाड प्लाय किंवा लोखंडी पट्टी घातल्याशिवाय तो बसवू नये. दार बाहेर उघडणारं असावं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. मदतीच्या घंटीची दोरी जमिनीपासून जेमतेम १०० मिमीवर लोंबायला हवी. फरशी पुसताना ती गुंडाळून वर बांधली जाते आणि पडलेल्या माणसाच्या हाताला लागत नाही. सफाई कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण त्यामुळे आम्ही कामातच धरतो आणि ते वगळू देत नाही.

टेपने मोजता न येणारं काम नंतर आलं. आज तेच जास्त आहे. स्वमग्न, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण) किंवा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्या कर्मचाऱ्यासाठी बांधकाम क्वचितच लागतं. रोज बदलणाऱ्या टेबलाऐवजी ठरलेली जागा, तीही येण्याजाण्याच्या वाटेकडे पाठ नसलेली. तोंडी सूचनेमागोमाग दोनतीन ओळींची लेखी सूचना. लुकलुकणारी ट्यूब काढणं. मुलाखतीचे प्रश्न आदल्या दिवशी पाठवणं. यावर "मग परीक्षा कसली?" असं विचारलं जातं. परीक्षा घ्यायचीच असेल तर ते काम करून दाखवायला सांगा. अनपेक्षित प्रश्नाला क्षणात उत्तर देणं बहुतेक कामांत लागतच नाही. निदानाचा दाखला मागण्याआधी एवढंच विचारा: काम करताना अडतं कुठे? शांत खोली द्याल तर तिच्या चावीची जबाबदारी एकाकडे सोपवा. नाहीतर काही महिन्यांत तिथे मोडक्या खुर्च्या साठतात.

अर्ज आणि पत्रकं हा भाग आमच्याकडे सर्वांत उशिरा आला. मराठी पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ असतो. स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तोच वाचतो. युनिकोडमध्ये रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार भलत्या अक्षरावर जाऊ शकतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये ते दिसण्याच्या क्रमाने साठवलेले असतात, उच्चाराच्या नव्हे. रूपांतरित मजकूर म्हणूनच आम्ही नुसता वाचत नाही, स्क्रीन रीडरवर ऐकून तपासतो.

काम सोपवण्याआधी आगीचा सराव होतो, लिफ्ट बंद आहे असं धरून. कर्णबधिर व्यक्ती एकटी असू शकते अशा जागी, विशेषतः स्वच्छतागृहात, दिव्याचा इशारा दिसतो का ते पाहतो. तो सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये. प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्याला त्याने झटका येऊ शकतो. वरच्या मजल्यावरच्या व्हीलचेअर वापरणाऱ्या सहकाऱ्याला कोण, कोणत्या जिन्याने, कशावर बसवून उतरवणार, हे त्या सहकाऱ्याला विचारून नावानिशी लिहिलेलं हवं. उतरवणारा रजेवर असेल त्या दिवसासाठी दुसरं नावही हवं. हे रकाने कोरे असतील तर काम पूर्ण झाल्याच्या कागदावर आम्ही सही करत नाही.