जयगड ते लांजा: गॅसच्या टँकरबरोबर एक पावसाळी फेरी

जयगडला भरलेला एलपीजीचा टँकर निवळी, हातखंबा, पाली करत लांज्याला गेला. सुटण्याआधी तिन्ही बाजूंचे धोक्याचे फलक (गॅसचा क्रमांक 1075), केबिनमधलं ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचं ते सांगणारा कागद), सायलेन्सरचा स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) आणि ड्रायव्हरच्या लायसन्सवरची धोकादायक मालाची नोंद पाहून घेतली. पाच मिनिटांचं काम.

निवळीपर्यंत वळणंच वळणं. द्रव उन्हात फुगतो म्हणून टाकी साधारण 85 टक्केच भरतात. वर जागा उरते, आणि वळणावर आतला द्रव बाहेरच्या अंगाला चढतो. टाकीतले आडवे पडदे पुढे-मागे बसणारा हिसका मोडतात, बाजूचा नाही. वेग दुप्पट झाला तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. म्हणून वेग वळणाच्या आधीच उतरवायचा.

खरा कस हातखंब्याच्या उताराला. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणं ही इथली सर्वांत घातक सवय. इंजिनाचा अटकाव संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लाइनर जळका वास मारू लागतात आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. चढताना जो गिअर लागला असता, तोच उतरताना, आणि तो माथ्यावरच टाकायचा. ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा खाली येताना दिसला तर उतार सुरूच करू नका. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि कामाची लाल माती मिळून निसरडं होतं. तेव्हा आणखी एक गिअर खाली.

पुढे आंजणारीचा पूल. सप्टेंबर 2022 मध्ये इथूनच गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला होता. पुलावर ओव्हरटेक नको, पुढच्या गाडीला खेटून चालणं नको.

टँकर कलंडलाच तर मागच्यांनी व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नये. गॅस हवेपेक्षा जड, तो वहाळात आणि गटारात उतरून साचतो. एक लिटर द्रवाचा सुमारे 250 लिटर वायू होतो आणि हवेत दोन टक्के मिसळला तरी पेट घेतो. गाडीचा स्टार्टर, मोबाईल, बिडी, सगळं धोक्याचं. इंजिन बंद ठेवून वाऱ्याच्या उलट दिशेने चढावर चालत जा, लांब गेल्यावर 112 ला फोन करा आणि फलकावरचा क्रमांक सांगा. खालच्या अंगाला घरं असतील तर चुली विझवायला सांगायचं, तेही लांबूनच हाका मारून.