पहिली सुरी: कानस, पाटा आणि बाभळीची मूठ

गेल्या वर्षी आईसाठी भाजी चिरायची एक सुरी स्वतः घडवायची असे मी ठरवले, तेव्हा माझ्या यादीत सर्वांत वर अँगल ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने लोखंड घासणारे विजेचे यंत्र, होता. साताऱ्याजवळच्या आमच्या गावातल्या लोहारकाकांना ती यादी दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "आधी कानस धर बाळा. कानस चुकली तर केसभर चुकते, ह्ये यंत्र चुकलं की बोटभर जातंय." मी त्यांचे ऐकले, आणि नवशिक्याने ते ऐकावेच असे आज मला मनापासून वाटते.

अवजारांसाठी मी पुण्यातल्या जुन्या बाजारात गेलो. तिथे चार इंची व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, चांगली मिळाली. तिचा आटा फिरवून पाहिला, जबडे समांतर मिळतात की नाही ते तपासले आणि घेतली. कानस मात्र जुनी घेणे ही माझी चूक ठरली, कारण दात बोथट झालेली कानस पोलादावरून नुसती घसरते आणि आपण जोर लावत राहतो. उजेडात तिरपी धरल्यावर दातांची टोके चकाकताना दिसली तर ती झिजलेली आहे असे समजावे. शेवटी बारा इंची जाड दातांची आणि आठ इंची बारीक दातांची अशा दोन नव्या कानशी, हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत), सेंटर पंच (भोकाच्या जागी ठोकून खूण करायचा), एक साधे ड्रिल आणि पॉलिश पेपर एवढ्यावर सगळे काम झाले. कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे घेताना ती उचलावी, घासत आणली तर दात लवकर जातात. अधूनमधून तिच्यावर खडू फिरवला की लोखंडाचे कण दातांत अडकून पात्यावर खोल ओरखडे पाडत नाहीत.

पोलाद म्हणून ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, एक पाटा भंगारात मिळाला. तो जवळजवळ सात मिलिमीटर जाड होता आणि इतका कडक, की त्याच्यावर हॅक्सॉचे पान चालेना. काकांनी तो भट्टीत लाल करून ठोकून चार मिलिमीटरपर्यंत आणला, पुन्हा लाल केला आणि रात्रभर राखेत पुरून ठेवला, म्हणजे तो हळूहळू निवून मऊ व्हावा. ज्यांच्याजवळ लोहार नाही त्यांनी दुकानातून तीन मिलिमीटरची, पोलादाची जात ठाऊक असलेली नवी पट्टी घ्यावी. भंगारातल्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी पडलेली बारीक चीर असू शकते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

पहिले पाते मी गमावले. हौसेच्या भरात धार आधीच कागदासारखी बारीक केली होती, आणि गावाकडे कोयत्याला पाण्यात बुडवतात हे लहानपणापासून पाहिल्यामुळे लाल झालेले सगळे पाते कडक व्हावे म्हणून मी थंड पाण्याच्या बादलीत घातले. बादलीतून "टण्" असा स्वच्छ आवाज आला. बाहेर काढले तेव्हा धारेपासून पाठीकडे नखाएवढी चीर गेली होती.

दुसऱ्या वेळी धारेच्या कडेवर मार्करची शाई लावून तिच्या मधोमध दोन समांतर रेषा ओढल्या आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ एक मिलिमीटर पोलाद राखले. मुठीची भोकेही पाते मऊ असतानाच पाडली, कारण नंतर ड्रिल चालत नाही. पाते तापवताना काका चुंबक लावून पाहत होते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते, त्यानंतर थोडी अधिक आंच देऊन ते कोमट शेंगदाणा तेलात सरळ उभे बुडवले. तेलात बुडवले तरी या कडक करण्याला पाणी देणेच म्हणतात. पाणी नीट बसले की कानस पात्यावरून काचेवरून निसटावी तशी निसटते. मग घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर एकेक तास असे दोनदा तापवले, आणि घासून चकचकीत केलेल्या पोलादावर वाळल्या गवताचा पिवळसर रंग चढला. हे तापवणे टाळले तर पाते ठिसूळ राहते. ग्राइंडरबद्दलचे काकांचे म्हणणेही मला इथेच पुरते उमगले, कारण पाणी दिलेली धार यंत्रावर क्षणभर जास्त टेकली तरी निळी पडते आणि तेवढ्या जागेपुरती मऊ होते.

मुठीच्या लाकडावर मी सर्वाधिक दिवस घालवले. सागवान सहज मिळते आणि टिकते, पण त्याचे रेषे सरळ फाटतात. माझ्या सरावाच्या मुठीत कडेजवळचे भोक पाडताच ते दुभंगले. शिसव देखणी आणि घट्ट असते, मात्र तिचा भुगा अनेकांच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही, म्हणून मास्क लावल्याशिवाय ती घासू नये. म्हशीच्या शिंगाला सुंदर झिलई येते, पण पावसाळ्यात ते वाकते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा पहिल्या सुरीला ते नको. सुती कापडाचे थर इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदात) दाबून केलेली मूठ पाण्याला दाद देत नाही; सतत ओल्या हातात राहणाऱ्या सुरीला मी तीच सुचवेन. माझे मन मात्र आजोबांच्या बैलगाडीच्या मोडक्या चाकातल्या बाभळीच्या आऱ्यावर बसले. कित्येक वर्षे वाळलेले ते लाकूड चिरताच आतून तांबूस निघाले आणि कानशीखाली हाडासारखे वाजले.

आकारासाठी आईच्या हाती कणकेचा लांबट गोळा देऊन, भाजी चिरताना धरते तसा तो धरायला सांगितले. करंगळीपाशी तिची पकड माझ्या अंदाजापेक्षा बरीच निमुळती निघाली, आणि मूठ तेवढीच निमुळती केली. पोलाद आणि लाकूड खरखरीत पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, इपॉक्सी आणि पाच मिलिमीटरच्या पितळी सळईने जोडले. क्लॅम्प बेताने आवळावा, नाहीतर सगळी इपॉक्सी बाहेर पडते आणि सांधा कोरडा राहतो. शेवटी २२० नंबरच्या पेपरवर थांबलो, कारण त्याहून गुळगुळीत मूठ ओल्या हातातून सटकते. वर जवसाच्या तेलाचे चार हात दिले. तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवावेत.

श्रावणात आईच्या सुरीच्या मुठीवरून नख फिरवून पाहिले, तेव्हा एका बाजूला लाकूड पोलादाच्या किंचित वर आलेले लागले. तेवढा भाग पेपरने सारखा केला, पुन्हा तेल दिले आणि सुरी तिला परत दिली.