दिवसा झोपणाऱ्या बाईची खोली

सकाळी दहाला ताईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर अजून ड्यूटीचा पांढरा युनिफॉर्म होता. केसांतल्या पिना तशाच, डोळे लाल. मला वाटलं, कामावर निघाल्यात.

"नाही हो, आत्ताच आले. नाईट होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही करा सुरू. मी बाहेरच्या खोलीत बसते."

माझ्या मागे जिन्यात शिलाईचे काका मशीन घेऊन उभे होते, आणि मदतीला येणारा मुलगा प्लायचा तुकडा डोक्यावर धरून. मी उंबऱ्यातच थांबले. त्यांची झोपायची खोली सजवून द्यायच्या या कामासाठी आमचं फोनवर तीनदा बोलणं झालं होतं. खिडकीची मापं मी घेतली होती, पलंगाची घेतली होती, आवडीचे रंग विचारले होते, बजेट विचारलं होतं. त्या नर्स आहेत हेही मला माहीत होतं. पण झोपता कधी, हे मी विचारलंच नव्हतं.

"रोज दिवसा झोपता?"

"महिन्यातले बरेच दिवस. आता सवय झालीय. डोळ्यांवर ओढणी बांधते."

आणि माझ्या पिशवीत होते पांढरे, झिरझिरीत लेसचे पडदे. सकाळचं ऊन त्यांतून गाळून पलंगावर पडेल, अशी मी कल्पना केली होती. खिडकी पूर्वेला होती.

पहिल्या फोनवर त्यांनी थोडं अडखळतच सांगितलं होतं, "मला बायकांची खोली हवीय. झालरी, फुलं, मऊ उजेड, सगळं. या वयात हे बरं दिसेल का?" बरं दिसण्याचा प्रश्नच नाही, असं मी म्हणाले होते आणि मनापासून म्हणाले होते. आमच्या धंद्यात झालरीला कमी लेखायची पद्धत आहे. सरळ रेषा, करडे रंग, मोकळ्या भिंती म्हणजे अभिरुची आणि झालर म्हणजे भाबडेपणा, असं मानतात. मला ते कधीच पटलेलं नाही. दिवसभर लोखंड आणि स्टीलला हात लावणाऱ्या माणसाला घरी चुणीदार कापड हवंसं वाटलं, तर त्यात भाबडं काय आहे?

अडचणी दोन होत्या. पैसे बेताचे होते आणि घर भाड्याचं होतं. भिंतीला रंग लावायचा नाही, नवं छिद्र पाडायचं नाही, अशी घरमालकांची अट. त्यामुळे जे करायचं ते कापडातून आणि दिव्यांतून, असं मी आधीच ठरवलं होतं. पलंगाला मागे मऊ हेडबोर्ड, पडदे, पांढरी चादर, दोन फ्रेमा, बॅटरीवर चालणाऱ्या बारीक दिव्यांची माळ. कागदावर छान दिसत होतं.

आता त्या बाई आदल्या दुपारपासून जाग्या होत्या, रात्री पुन्हा ड्यूटी होती, आणि त्यांच्या झोपेच्या खोलीत आम्ही तिघं. मी म्हटलं, आपण दुसऱ्या दिवशी येतो. त्या ऐकेनात. सुट्टी पुढच्या आठवड्यात होती आणि काकांच्या तारखा भरलेल्या होत्या. मग मी मनाशी एकच ठरवलं. दोनच्या आत या खोलीत अंधार व्हायला हवा, आणि ताई आत झोपलेल्या असायला हव्यात.

पिशवीतलं सामान मी पुन्हा बाहेर काढलं आणि एकेका वस्तूबद्दल त्यांना विचारलं. हे मी तीन आठवड्यांपूर्वी करायला हवं होतं. दिव्यांची माळ? "दिवसा कशाला लावू?" परत. फ्रेमा? त्यांनी फुलांची ठेवली, दुसरी नको म्हणाल्या. मग पांढरी चादर हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

"रात्रभर पांढऱ्याच चादरी घालते मी," त्या शेवटी म्हणाल्या. "घरी पांढरं नको."

पांढरी चादर मी निवडली होती कारण ती स्वस्तात मिळते आणि कुठल्याही खोलीत उठून दिसते. हिशोब बरोबर होता, माणूस चुकीचं होतं.

माळ, फ्रेम आणि चादर परत करून जे सुटले ते सगळे पैसे मी पडद्याच्या अस्तराला लावले. मदतीच्या मुलाला ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारं अस्तर आणायला पाठवलं. ब्लॅकआउट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काळाकुट्ट पडदा येतो. तसं नसतं. चांगल्या अस्तरात काळा थर मधे असतो आणि दोन्ही बाजूंनी पांढरा थर, म्हणून ते मोतिया किंवा पांढऱ्या रंगात मिळतं. ते लेसच्या मागे लावलं की खोलीतून दिसते फक्त लेस.

मीटर किती घ्यायचे, इथेच बजेट वाचतं किंवा बुडतं. खिडकी १५० सेंटीमीटर रुंद. दांडा दोन्ही बाजूंनी २० सेंटीमीटर बाहेर काढायचा, म्हणजे १९०. चुण्या छान पडायच्या तर पुढच्या पडद्याचं कापड दांड्याच्या दुप्पट तरी लागतं, आणि लेस मी तशी आधीच शिवून घेतली होती. अस्तराला मात्र चुण्यांची गरज नाही. ते दीडपट असलं तरी पुरतं. १४० सेंटीमीटर पन्ह्याच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी अडीच मीटरला थोडी कमी. पाच मीटरमध्ये काम झालं. दुप्पट घेतलं असतं तर तिसरी पट्टी लागली असती. ब्रॅकेट जुन्याच छिद्रांत बसवले, फक्त दांडा लांब घेतला.

पण पडद्यातून येणारा उजेड थांबवणं सोपं असतं. खरा उजेड कडांनी शिरतो. बाजूंच्या कडा आम्ही खिडकीच्या चौकटीला चिकटणाऱ्या पट्टीने बसवल्या. वरचा उजेड सगळ्यात वाईट. तो दांड्याच्या मागून वर जातो, छतावर पसरतो आणि तिथून सगळ्या खोलीत उतरतो. नुसती पुढे झालर लावून तो थांबत नाही, वर झाकण लागतं. हेडबोर्डच्या प्लायमधून कापून उरलेली १० सेंटीमीटर रुंदीची एक पट्टी होती. ती भिंतीला टेकवून ब्रॅकेटांवर आडवी ठेवली, तारेने बांधली आणि तिच्या पुढच्या काठाला झालर लावली. मातकट गुलाबी सुती कापडाची, आतून अस्तर घातलेली, वीतभर उंच.

काका झालर चुणत होते आणि ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी सांगितलं की ही शोभेची नाही, हिच्यामुळे छतावरचा उजेड अडतो. त्यांनी हात लावून बघितला. "म्हणजे हिचं काम आहे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. झालर मागितल्याची त्यांना तोवर कुठेतरी लाज वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

रंगाचं थोडं सांगायला हवं. त्यांनी स्वतः एक फिकट जांभळी रजई आणून ठेवली होती. दुकानातल्या पांढऱ्या उजेडात ती सुंदर दिसली असणार. पण या खोलीत ऊन कधीच येणार नव्हतं. इथे सगळे रंग फक्त दिव्याच्या उजेडात दिसणार होते, आणि पलंगाजवळचा दिवा मी २७०० केल्व्हिनचा, पिवळसर घेतला होता. त्या उजेडात फिकट जांभळा मळकट, राखाडी दिसतो. खिडकीवर तात्पुरती जुनी चादर टाकून मी दिवा लावला आणि रजई दाखवली. शेजारी कापडाचे चार तुकडे ठेवले. मातकट गुलाबी त्याच दिव्याखाली उबदार झाला, अंगाच्या रंगासारखा. रजईला उशीच्या अभ्र्यासारखी मोठी खोळ करायचं ठरलं. काकांनी तीही दोन तासांत शिवली, खालच्या काठाला बंद लावून. रजई फुकट गेली नाही.

छताला ट्यूब होती, ६५०० केल्व्हिनची, निळसर पांढऱ्या उजेडाची. ती काढली नाही, साफसफाईला लागते. पण रात्री साडेसातला उठून तयार होताना ती लावावी लागू नये म्हणून आरशाची जागा बदलली आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर एकेक छोटा दिवा ठेवला, ४००० केल्व्हिनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात, याचं शंभरपैकी माप) ९० च्या वरचा. एकच दिवा डोक्यावर असला की डोळ्यांखाली सावली पडते आणि झोप झालेली असली तरी माणूस आजारी दिसतं. झोपायच्या आधी मात्र फक्त पलंगाजवळचा दिवा. डोळ्यांवर पडणारा तेजस्वी, निळसर उजेड मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, दाबतो, हे त्या माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. त्यांनीच मला सांगितलं की पापण्या मिटल्या तरी थोडा उजेड आत येतोच, म्हणून ओढणी.

हेडबोर्डला भिंतीत काही ठोकायचं नव्हतं. १२ मिलिमीटरची प्लाय, तिच्यावर ५ सेंटीमीटर फोम, वर कापड ताणून मागून स्टेपल. पलंग भिंतीकडे सरकवला की हेडबोर्ड मधेच दाबून बसतो. मागे फेल्टचे तुकडे चिकटवले म्हणजे भिंतीवर ओरखडे नकोत. दाराखालच्या फटीतून बाहेरच्या खोलीचा उजेड येत होता. उरलेल्या कापडाची लांब सुरळी शिवून तिच्यात कातरणं भरली आणि ती फटीला लावली.

एक वाजता पडदे चढले. दार लावलं, दिवा बंद केला. ताई पलंगावर आडव्या झाल्या, मी खाली जमिनीवर बसले. डोळे सरावायला मिनिटभर गेलं.

"इथे टाके दिसतायत," अंधारातून आवाज आला.

खिडकीच्या बरोबर मधे, वरपासून खालपर्यंत, उजेडाच्या बारीक ठिपक्यांची एक रेघ. अस्तराच्या दोन पट्ट्या काकांनी एकमेकींना जोडल्या होत्या, आणि सुई जिथे जिथे गेली तिथे थराला भोक पडलं होतं. हे मला माहीत असतं. अशा अस्तराला मी कधी टाचणी लावू देत नाही, चिमटे लावते. दोन पट्ट्या न जोडता मधे एकीवर एक वीतभर चढवायच्या, हे काकांना सांगायचं घाईत राहून गेलं. आता उसवून उपयोग नव्हता, भोकं तशीच राहतात. ती रेघ नेमकी उशीच्या समोर होती. मला घाम फुटला. आणखी अस्तर आणायला पैसे नव्हते आणि वेळही नव्हता.

ताई उठल्या. कपाटातून चिकटपट्टीचा रोल घेऊन आल्या, जखमेच्या ड्रेसिंगला लावतात तो जाड कापडी. "सरका," म्हणाल्या. पडद्याच्या मागे जाऊन त्यांनी वरून पट्टी लावायला सुरुवात केली. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्याने पट्टी दाबत खाली यायचं. एकही सुरकुती नाही. मग त्याच रेघेवर दुसरा थर. मी नुसती रोल धरून उभी होते. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या कारागिराने इतकी सरळ पट्टी लावलेली मी पाहिली नाही. दार लावून पुन्हा बघितलं. काळोख.

त्या हातपाय धुवायला गेल्या तेवढ्यात आम्ही आवरलं. मुलाने केर काढला, काकांनी मशीन बाहेर नेलं. मी गादीवर ताईंचीच मोतिया चादर घातली, कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली घट्ट खोचले. वर गुलाबी खोळ, दोन उशा, भिंतीशी टेकवलेली फुलांची फ्रेम. दिवा लावला आणि दारातून बघितलं. झालरीच्या चुण्यांवर उजेड अडकत होता, लेस भिंतीपर्यंत आली होती. फोटो काढायला मी फोन बाहेर काढला. असं काम झालं की मी नेहमी काढते.

ताई आल्या. दारात थांबल्या, सगळीकडे बघितलं, झालरीकडे जरा जास्त वेळ. मग थेट पलंगाशी जाऊन वाकल्या आणि मी खोचलेला चादरीचा कोपरा उपसून काढला. मग दुसरा. पलंगाला फेरी मारून चारही कोपरे सैल केले. चादर लोंबायला लागली.

"हे असं घट्ट तिकडे करावं लागतं," त्या म्हणाल्या.

त्या आत शिरल्या, खोळ गळ्यापर्यंत ओढली, पाय चादरीच्या सैल टोकातून बाहेर काढले. मी फोन पिशवीत टाकला आणि विचारलं, "सातला फोन करून उठवू?"

"गजर आहे," त्या म्हणाल्या. मग, "दिवा तुम्हीच बंद कराल का?"

मी दिवा बंद केला, चाचपडत दारापर्यंत आले, बाहेर येऊन दार ओढून घेतलं. सुरळी आतल्या बाजूला होती आणि दार लावताना ती जागेवरून सरकली होती. म्हणून बाहेरच्या खोलीचा पडदा ओढला, फटीशी माझी रिकामी कापडी पिशवी दुमडून लावली, आणि काकांना खुणेने सांगितलं की चपला खाली जाऊन घाला.